आधी घासणी, मग लेप

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर कथील हाती घेण्याआधी बराच वेळ भांडे घासण्यात घालवीत असे. मोठ्या पातेल्यात वाळू किंवा राख टाकायची, त्यात उभे राहून पायांनी ते गरगरा फिरवायचे, मग भात्यावर तापवायचे, नवसागराची पूड भुरभुरून पृष्ठभाग निर्मळ करायचा आणि अखेरीस काही क्षणांत कथलाचा हात फिरवायचा, असा तो क्रम होता. चकाकी दिसे ती कथलाची. परंतु कल्हई किती महिने टिकणार, हे ठरत असे घासणीवर. मोटारीच्या टर्बोचार्जरला आणि सायलेन्सरच्या नळ्यांना आज जो सिरॅमिकचा लेप दिला जातो, त्याच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. लेप देण्याचे प्रत्यक्ष काम तासाभराचे असते. त्याच्या पूर्वतयारीला मात्र दोन-दोन दिवस लागतात. ही तयारी ग्राहकाला दिसत नाही आणि म्हणूनच बहुधा तिथेच काटकसर केली जाते.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शहरातील मोटार-सजावटीच्या दुकानांवर ‘सिरॅमिक कोटिंग’ अशी पाटी सर्रास दिसते. ते कोटिंग मोटारीच्या रंगावर चढवायचे असते. सिलिकायुक्त द्रवाचा तो अतिशय पातळ, पारदर्शक थर रंगाची चमक राखतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू ज्या भागांतून वाहतो, त्या भागांवरचा उष्णतारोधक सिरॅमिक लेप ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. नाव एकच असले तरी द्रव्य निराळे, पद्धत निराळी आणि चूक झाली तर होणारे नुकसानही निराळे.

टर्बोचार्जर आणि त्याची भट्टी

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर बाहेर निघून जाते. या वाया जाणाऱ्या ऊर्जेतून काही परत मिळवावे, या विचारातून स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. रचना तशी सोपी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. बाहेर पडणारा तप्त वायू एका पंख्याला फिरवितो, तो टर्बाइन. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, तो कॉम्प्रेसर. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतकी शक्ती देते. पूर्वी ट्रक, बस आणि डिझेल जीपपुरता मर्यादित असलेला टर्बो आता भारतातील लहान पेट्रोल मोटारींतही रुळला आहे.

या शक्तीची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. डिझेल इंजिनातील वायू टर्बाइनपाशी पोहोचतो तेव्हा पूर्ण भाराखाली त्याचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. पेट्रोल इंजिनात ते ९५० अंशांच्याही वर जाऊ शकते. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. गोगलगायीच्या शंखासारखे दिसणारे टर्बाइनचे घर म्हणजे हाउसिंग बिडाचे किंवा उष्णतारोधी पोलादाचे असते. कॉम्प्रेसरचे हाउसिंग ॲल्युमिनियमचे असते. दोहोंच्या मध्ये बेअरिंग सांभाळणारा गाभा असतो आणि त्याला इंजिनाचे तेल अखंड पुरवावे लागते. लेप देताना या तीन भागांचा विचार वेगवेगळाच करावा लागतो.

लेप काय करतो आणि काय करीत नाही

उष्णतारोधक लेपाची घराणी दोन. पहिल्या प्रकारात सिलिकोन रेझिन किंवा तत्सम बंधकात सिरॅमिक व धातूची सूक्ष्म पूड मिसळून ती रंगाप्रमाणे स्प्रे-गनने फवारतात आणि मग बहुधा भट्टीत पक्की करतात. हा थर अवघा २५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत जाडीचा असतो. मोटार-कार्यशाळांत मिळणारे बहुतेक लेप याच जातीचे होत. दुसऱ्या प्रकारात प्लाझ्मा-स्प्रे नावाच्या यंत्रातून झिर्कोनियाची पूड वितळवून प्रचंड वेगाने धातूवर मारली जाते. त्याखाली निकेल-क्रोमियमयुक्त मिश्रधातूचा दुवा साधणारा थर असतो आणि एकूण जाडी काहीशे मायक्रॉन भरते. हे तंत्र मुळात अवकाश आणि विमान उद्योगाचे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या नोझलमध्ये झिर्कोनियाचा लेप वापरण्यात आला होता. पुढे जेट इंजिनांच्या पात्यांवर तो स्थिरावला आणि शर्यतीच्या मोटारींमध्ये उतरला.

या लेपांविषयी बाजारात पुष्कळ अतिशयोक्ती चालते. ५० मायक्रॉनचा थर म्हणजे उष्णतेला घातलेली भिंत नव्हे. एवढ्या पातळ थराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंतील तापमानाचा फरक फारच थोडा असतो. मग उपयोग कशाचा? तर तप्त धातू भोवताली उष्णता फेकतो, तिचे प्रमाण त्याच्या पृष्ठभागाच्या स्वरूपावर अवलंबून असते. गंजलेले काळपट बीड उष्णतेचे उत्सर्जन भरपूर करते. ॲल्युमिनियमयुक्त रुपेरी लेपाचे उत्सर्जन त्याच्या निम्म्याच्या आसपास असू शकते. त्यामुळे बॉनेटखालच्या वायरी, रबरी नळ्या आणि बॅटरी यांना बसणारी झळ कमी होते. काळ्या रंगाचा लेप निवडला, तर हा लाभ बराचसा हातचा जातो, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. दुसरा आणि तितकाच खरा लाभ गंजरोधाचा आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत उघडे बीड आणि साधे पोलाद झपाट्याने गंजते. नीट बसलेला लेप त्याला वर्षानुवर्षे थोपवू शकतो. ‘नीट बसलेला’ हे दोन शब्द मात्र कळीचे.

पकड कशी बसते?

तीनशे मिलिमीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी आठशे अंशांनी तापली तर सुमारे चार मिलिमीटरने वाढते. बिडाचा तेवढाच तुकडा काहीसा कमी, अडीच-तीन मिलिमीटरने वाढतो. गाडी दरवेळी सुरू झाली की हे प्रसरण आणि थंड झाली की तेवढेच आकुंचन. सिरॅमिक द्रव्ये स्वभावाने ठिसूळ असतात आणि धातूइतकी ताणली जात नाहीत. झिर्कोनियाला पसंती मिळण्यामागे त्याचे प्रसरण धातूच्या प्रसरणाच्या बरेच जवळ जाते, हेही एक कारण आहे. तरीही थर आणि धातू यांच्या सीमारेषेवर ताण पडतच राहतो. रोज दोनदा याप्रमाणे वर्षाला सातशेहून अधिक वेळा हा ताण सोसायचा, तर लेपाची धातूवरील पकड पक्की हवी.

ही पकड बहुतांशी यांत्रिक असते. काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर गिलावा करण्यापूर्वी गवंडी त्याला टाचे मारतो, म्हणजे मालाला धरून राहायला खाचा मिळतात. लेपाखालच्या धातूलाही असेच टाचे मारावे लागतात, फक्त ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके सूक्ष्म असतात. खाचांमध्ये तेल, काजळी, गंज किंवा जुना रंग बसलेला असेल, तर लेप धातूला न चिकटता त्या मळाला चिकटतो. पुढे मळ जळतो आणि लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पूर्वतयारीचा सारा खटाटोप दोनच गोष्टींसाठी आहे: मळ उरू द्यायचा नाही आणि खाचा पुरेशा पाडायच्या.

सुटे करणे आणि पारखणे

पहिले काम खोलण्याचे. टर्बोची दोन्ही हाउसिंग गाभ्याला कोणत्या कोनात बसविली आहेत, याच्या खुणा आधी करून घ्याव्या लागतात. अन्यथा परत जोडताना तेलाच्या आणि हवेच्या नळ्या जुळत नाहीत. वर्षानुवर्षे तापलेले बोल्ट सहजी सुटत नाहीत. त्यांवर गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी सोडून ठेवणे आणि गरज पडल्यास नट तापविणे हा शहाणा मार्ग. हातोडीने ठोकल्यास पंख्याची पाती वाकू शकतात. गाभा, दांडा आणि पंखे एकदा बाजूला निघाले की त्यांची तोंडे बंद करून ते स्वच्छ पिशवीत, ब्लास्टिंगच्या धुळीपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावेत. फिरता भाग अत्यंत काटेकोरपणे समतोल केलेला असतो. त्याच्यावर कणांचा मारा होता कामा नये आणि हौशी लेपही चढता कामा नये. ज्या टर्बोमध्ये वायूचा मार्ग कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पट्ट्या असतात, त्या पट्ट्यांनाही लेप लावीत नाहीत, कारण त्यांच्या फटी अगदी मोजक्या असतात.

दुसरे काम पारखण्याचे. बिडाच्या टर्बाइन हाउसिंगमध्ये वेस्टगेटच्या छिद्राजवळ आणि मॅनिफोल्डमध्ये दोन तोंडांच्या मधल्या भागात तडे जाण्याची शक्यता अधिक असते. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी लाल रंगाचा द्रव लावून, पुसून, वर पांढरी पूड फवारण्याची डाय-पेनिट्रंट चाचणी करतात. तड्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्या पुडीवर उमटतो. ही चाचणी लेपाआधीच करावयाची, कारण लेप तडा भरून काढीत नाही, केवळ झाकतो. शिवाय बाहेरून लेपलेल्या धातूची उष्णता बाहेर कमी फेकली जाते आणि त्यामुळे तो धातू स्वतः पूर्वीपेक्षा काहीसा अधिक तापतो. आधीच दुबळ्या झालेल्या भागाचे आयुष्य त्यामुळे घटू शकते. वेल्डिंग करायचे असेल, वाकलेली फ्लँज यंत्रावर सपाट करून घ्यायची असेल, तुटलेला स्टड काढायचा असेल, तर ती सर्व कामे याच टप्प्यावर उरकावी लागतात. लेपानंतर केलेले वेल्डिंग म्हणजे लेपही गेला आणि पैसेही.

मुरलेले तेल

तिसरा टप्पा तेल काढण्याचा, आणि बहुतांश अपयशाचे मूळ येथे असते. बाहेरचे तेल आणि काजळी डिग्रीझरने, गरम पाण्याने आणि ब्रशने निघते. जुने बीड मात्र वरवर दिसते तितके भरीव नसते. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत आणि ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या कडेने तेल मुरलेले असते. वरून कितीही पुसले तरी भट्टीत तापवताच ते पाझरू लागते. ओल्या लेपाखालून तेलाची वाफ वर आली की थरात फुगे आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात.

यावर उपाय म्हणजे लेपाआधीची कोरडी भाजणी. लेप ज्या तापमानाला पक्का करायचा असेल, निदान तितक्या तापमानाला वस्तू आधी तासभर भाजून घ्यायची. पातळ सिरॅमिक लेप बहुधा २५० ते ३७० अंशांच्या दरम्यान पक्के केले जातात. त्यामुळे बिडाची भाजणीही त्याच टप्प्यात किंवा थोडी वर होते. भट्टीतून धूर निघाला तर समजावे की तेल शिल्लक होते. मग पुन्हा धुणे, पुन्हा भाजणे. धूर येईनासा होईपर्यंत हे करावे लागते. कॉम्प्रेसरचे ॲल्युमिनियम हाउसिंग मात्र या भट्टीत घालू नये. उष्णता-उपचाराने कमावलेली त्याची ताकद एवढ्या तापमानाला कमी होते. त्यासाठी कमी तापमानाचे लेप आणि सौम्य भाजणी हाच मार्ग आहे.

नव्या भागांना यातून सूट मिळते, हाही भ्रमच. कारखान्यातून आलेल्या वस्तूवर गंजरोधक तेलाचा हात असतो, यंत्रावर कापताना वापरलेला द्रव असतो, वेल्डच्या कडेला जळकट पापुद्रा असतो. जस्ताचा मुलामा दिलेली नळी असेल तर तो मुलामा पूर्ण काढावा लागतो, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपासच वितळते आणि त्यावर बसलेला लेप त्याच्यासकट सुटतो. क्रोमच्या गुळगुळीत मुलाम्याचीही तीच गत.

तेल खरोखर गेले की नाही, हे पाहण्याची एक जुनी आणि बिनखर्चाची कसोटी आहे. पृष्ठभागावर स्वच्छ पाणी ओतायचे. पाण्याचा अखंड पडदा पसरला तर पृष्ठभाग निर्मळ. पाणी थेंबाथेंबांत फुटले तर तेल अजून आहे. ही कसोटी ब्लास्टिंगच्या आधी घ्यायची असते, कारण ब्लास्टिंगने उघड्या पडलेल्या बिडावर पाणी लागताच गंजाची लाली चढते.

काय झाकायचे?

चौथा टप्पा झाकाझाकीचा. बोल्टचे आटे, ऑक्सिजन सेन्सर बसण्याचे भोक, गॅस्केटच्या सपाट बैठका, पट्टीच्या क्लॅम्पने आवळल्या जाणाऱ्या कडा, वेस्टगेटचे बुश आणि त्याच्या झडपेची बैठक हे सर्व रबरी बुचांनी, जाड टेपने किंवा खास कापलेल्या पत्र्यांनी झाकतात. गॅस्केटच्या जागी लेप शिरला तर तापल्यावर तो चिरडतो, फट पडते आणि धूर गळू लागतो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे टर्बाइनचा पंखा ज्या गोलाईत फिरतो, ती हाउसिंगची आतली कड. पंखा आणि हाउसिंग यांत साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या घरातली फट राखलेली असते. त्या जागी प्लाझ्माचा तीनशे मायक्रॉनचा थर बसला, तर फटीचा मोठा हिस्सा तिथेच संपला. दीड लाख फेऱ्यांनी फिरणारे पाते भिंतीला घासले तर पुढे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून ही गोलाई झाकायची आणि लेप झाल्यावर पुन्हा मोजायची.

ब्लास्टिंगची साधी कागदी टेप भट्टीत चालत नाही. तिचा डिंक जळून डाग ठेवतो. त्यामुळे कणांच्या माऱ्यासाठी एक झाकण आणि फवारणी-भाजणीसाठी उष्णता सोसणारे दुसरे, असा दुहेरी खटाटोप करावा लागतो.

कणांचा मारा

आता ते सूक्ष्म टाचे मारण्याची वेळ येते. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार दाणे दाबाखालील हवेने पृष्ठभागावर मारतात. पातळ लेपासाठी १०० ते १२० मेशचे बारीक दाणे पुरतात. प्लाझ्मा लेपाला अधिक खोल पकड लागत असल्याने जाड दाणे वापरतात. बीड आणि जाड पोलादासाठी हवेचा दाब चौरस इंचाला ८० ते १०० पौंड चालतो. ॲल्युमिनियम आणि पातळ पत्र्याच्या नळ्यांसाठी तो बराच उतरवावा लागतो, नाहीतर पत्रा वाकतो.

दाण्याची निवड ही केवळ उपलब्धतेची बाब मानू नये. काचेचे गोल मणी पृष्ठभागाला सुंदर रेशमी झळाळी देतात, पण ते धातूला कापीत नाहीत, ठोकून गुळगुळीत करतात. दिसायला काम झकास आणि पकड मात्र नाही. लोखंडी छर्रे स्टेनलेसवर मारले तर त्यांचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पुढे लेपाखालून गंज फुटतो. आधी तेलकट वस्तूंवर वापरलेले दाणे पुन्हा वापरले, तर काढलेले तेल आपणच परत लावल्यासारखे होते. हवेच्या कॉम्प्रेसरमधून येणारे पाणी आणि तेल अडविणारा सापळा नसेल, तर तोच प्रकार. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या हवेत हा सापळा दिवसातून अनेकदा रिकामा करावा लागतो.

ब्लास्टिंग झालेला पृष्ठभाग एकसारखा राखाडी आणि निस्तेज दिसला पाहिजे. कुठे चमक राहिली असेल तर तिथे मारा पोहोचलेला नाही. यानंतर उघड्या हाताने स्पर्शही वर्ज्य असतो. बोटाच्या ठशातील तेलकटपणा लेप अडवायला पुरेसा होतो. स्वच्छ हातमोजे घालून, कोरड्या हवेने धूळ उडवून, शक्य तितक्या लवकर, दमट हवेत तर काही तासांच्या आतच लेपाचा पहिला हात बसला पाहिजे. रात्रभर तशीच ठेवलेली वस्तू सकाळी तांबूस दिसली, तर ब्लास्टिंग पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नाही.

वाळूचा प्रश्न

या कामाला आजही बोलीत सँड ब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा म्हणतात. नाव जुन्या पद्धतीवरून पडले आहे आणि ती पद्धत घातक आहे. वाळूतील सिलिकाचे दाणे धातूवर आदळून फुटतात आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो आणि त्याच्या रुग्णाला क्षयाचा धोकाही अधिक असतो. ब्रिटनने ओतकामाच्या सफाईसाठी वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनी बंद केला. भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना कळविणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत केली होती. तरीही स्वस्त म्हणून नदीची वाळू वापरणारी आणि कामगाराला तोंडावर रुमाल बांधून उभे करणारी छोटी शेड अशक्य कोटीतील नाही. रुमालाने ही धूळ अडत नाही. बंदिस्त कपाट, धूळ ओढणारा पंखा आणि योग्य श्वसन-मुखवटा या गोष्टी दरात धरल्या जातात, तेव्हा काम थोडे महाग पडते. या महागाईची दुसरी बाजू कुणाच्या तरी फुप्फुसात मोजली जाते, याचे भान ग्राहकानेही ठेवायला हवे.

दाणा उरला तर?

लेप फवारून, भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवून पक्का झाला, वस्तू रुपेरी झळाळीने उजळली, की काम संपले असे वाटते. तरीही धोक्याची एक जागा शिल्लक असते. मॅनिफोल्डच्या वाकड्या-तिकड्या पोकळीत आणि हाउसिंगच्या शंखाकृती वळणांत ब्लास्टिंगचे दाणे अडकून राहतात. १२० मेशचा दाणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. टर्बोच्या दांड्याभोवती तेलाचा जो पापुद्रा त्याला तोलून धरतो, त्याची फट त्याहून लहान, मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठीणता मोह्स मापावर ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. असा एक दाणा तेलाच्या वाटेत शिरला, तर बेअरिंगवर ओरखडे ओढीत जातो. मॅनिफोल्डमध्ये राहिलेला दाणा इंजिन सुरू होताच वायूबरोबर थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो.

म्हणून लेपानंतर प्रत्येक पोकळी दाबाच्या हवेने सर्व बाजूंनी उडविणे, वस्तू उलटीसुलटी करून ठोकणे, आत बारीक कॅमेरा किंवा निदान बॅटरीचा झोत घालून पाहणे आणि आटे टॅप फिरवून साफ करणे हा पूर्वतयारीचाच उत्तरार्ध मानला पाहिजे. आतल्या बाजूने लेप द्यावा की नाही, याचा निर्णयही याच कारणाने जपून घ्यावा लागतो. टर्बाइनच्या आधीच्या मार्गात सुटलेला पापुद्रा पात्यांवर जातो. टर्बाइननंतर सुटलेला पापुद्रा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या बारीक जाळीत अडकतो. आतील पृष्ठभागाची तयारी खात्रीलायक करता येत नसेल, तर फक्त बाहेरून लेप देणे शहाणपणाचे ठरते.

या निमित्ताने कन्व्हर्टर किंवा डिझेलचा कणगाळक काढून ‘मोकळी’ नळी बसविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नाकारावा. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांची पूर्तता याच भागांवर अवलंबून आहे. मूळ भागांवर लेप देणे आणि प्रदूषण-नियंत्रणाचे भाग काढून टाकणे या दोन गोष्टींत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. वॉरंटीच्या मुदतीतील गाडीचा टर्बो खोलण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचणेही तितकेच अगत्याचे.

चार प्रश्न

सामान्य वाहनधारकाला ब्लास्टिंगची यंत्रे पारखता येणार नाहीत. परंतु काम देण्यापूर्वी चार साधे प्रश्न विचारता येतात. लेपाआधी वस्तू भट्टीत भाजता का, आणि किती अंशांना? ब्लास्टिंगला कोणते दाणे वापरता? गॅस्केटच्या बैठका आणि टर्बाइनची आतली गोलाई कशाने झाकता? काम झाल्यावर आतले दाणे निघाल्याची खात्री कशी करता? जाणता कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. त्याच्या मेहनतीचा जो भाग कुणालाच दिसत नाही, नेमके त्याविषयीच कुणीतरी विचारीत असते. ‘त्याची काही गरज नाही, आमचा लेपच तसा आहे’ असे उत्तर जिथे मिळेल, तिथून टर्बो परत घरी आणलेला बरा. लेप नसलेला टर्बो आपले काम निमूटपणे करीत राहतो. घाईने लेपलेला टर्बो मात्र आपल्याच अंगावरचा पापुद्रा गिळून बसू शकतो.